एका पानात अठरा ओळी

४ जानेवारी

ही वही मी पुरावा म्हणून लिहायला घेतली आहे. दैनंदिनी लिहिणाऱ्या माणसांवर माझा पूर्वीपासून विश्वास नाही. जे कुणी वाचणार नाही ते इतकं नटवून कशाला लिहायचं? पण प्रसंगच तसा आलाय. माझ्या पेनांना कुणीतरी हात लावतंय.

'बाटली' म्हणजे माझं हिरवं पेन. जुन्या सोडावॉटरच्या बाटलीसारखा रंग आहे, म्हणून हे नाव. माझ्या एकोणतीस पेनांत सगळ्यांत म्हातारं तेच. गेल्या महिन्यात ते टाकवाल्यांकडून दुरुस्त होऊन आलं आणि तेव्हापासून ते माझं वाटत नाही. जाड, मोकळं उमटायचं. आता अक्षर बारीक येतं. निब तीच आहे असं टाकवाले म्हणतात. म्हणणारच.

टाकवाले म्हणजे पेनं दुरुस्त करणारे. बाजारामागच्या बोळात, घड्याळवाला आणि किल्लीवाला यांच्या मधोमध, कपाटाएवढं दुकान. एका डोळ्याला कायम भिंग. सत्तावीस वर्षांत त्यांचं खरं नाव विचारायचं राहून गेलं. माणूस गरीब स्वभावाचा आहे, पण बाटलीची निब सोन्याची आहे, आणि मोह कुणाला सांगून होत नाही.

मला मात्र कुणी सहज शेंडी लावू शकत नाही. बँकेत बत्तीस वर्षं मी सह्या पडताळल्या. चेकवरची सही कार्डावरच्या सहीशेजारी धरायची आणि माणूस तोच की दुसरा ते सांगायचं. अकरा खोट्या सह्या पकडल्या, त्यातल्या दोन तर सख्ख्या भावांनी केलेल्या.

तर पद्धत अशी. ही वही बिनरेघी आहे. जमेल त्या दिवशी बाटलीनेच एक पूर्ण पान लिहायचं आणि ओळी मोजायच्या. निब बदलली असेल तर आकडे बोलतील. आज अठरा बसल्या.

९ जानेवारी

ओळी एकोणीस.

शाईची नवी बाटली उघडली. वासच नाही. या शाईला दवाखान्यासारखा एक वास असायचा, नाकात बसणारा. त्या वासासाठी तर मी ती घेतो. दुकानदार पाणी घालतो हे उघड आहे. हिला सांगितलं तर ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, मला इथपर्यंत वास येतोय." दुकानदाराची बाजू घ्यायचं हिला काय कारण, कळत नाही.

१७ जानेवारी

काल रविवार, आमच्या मंडळाची बैठक. वाचनालयाच्या मागच्या खोलीत आम्ही आठ जण जमतो. पेनं मांडतो, एकमेकांची लिहून बघतो, आणि आपलंच चांगलं असं मनात म्हणून घरी जातो. टाकवालेही हत्यारांची पेटी घेऊन येतात. तिथल्या तिथे कुणाची गळती थांबव, कुणाचा दट्ट्या सोडव असं चालतं.

आमच्यात एक डॉक्टर आहेत, निवृत्त. त्यांची नजर बाटलीवर आहे हे मी आधीच ताडलं होतं. काल खात्री पटली. मी लिहून दाखवत होतो आणि हे गृहस्थ टक लावून बघत होते. सगळे कागदाकडे बघतात, हे माझ्या मुठीकडे.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"काय कधीपासून?"

ते जरा अडखळले. "हे पेन. कधीपासून आहे तुमच्याकडे?"

चाळीस वर्षं झाली हे त्यांना चांगलं माहीत आहे. मग म्हणतात, "जरा अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर आपटून दाखवा बघू. भराभर." म्हणजे मी पेन खाली ठेवायचं. मी आधी बाटली खिशात घातली, खिशाचं बटण लावायला बराच वेळ घेतला, आणि मग दाखवलं. ते नुसतं "बरं" म्हणाले. असा माणूस पेन पळवेल असं नाही, पण हिच्याकरवी विकत मागेल. सावध राहिलं पाहिजे.

सदऱ्याची बटणंही हल्ली काजांत जात नाहीत. शिंप्याने काजं लहान ठेवलीत.

ओळी एकवीस.

२ फेब्रुवारी

घरात पाणी मुरतंय.

एक तर ही हल्ली फार जोरात चालायला लागली आहे. चाळीस वर्षं आम्ही संध्याकाळी बरोबरीने फिरलो. आता ही चार पावलं पुढे जाते आणि कोपऱ्यावर उभी राहून माझी वाट बघते. विचारलं तर म्हणते, "मी नेहमीसारखीच चालतेय." शिवाय हिला ऐकू कमी येतं. मी काहीही बोललो की "काय म्हणालात? मोठ्याने बोला ना." कानाच्या डॉक्टरकडे चल म्हटलं तर माझ्याकडे अशी बघते की जणू मीच काहीतरी विचित्र बोललो.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. माझी बदली लांबच्या शाखेत होती तेव्हा मी हिला आठवड्याला एक पत्र लिहायचो. ती सगळी पत्रं कपाटात वरच्या खणात, दोऱ्याने बांधलेली. आज दोरा सुटलेला होता आणि पत्रं कमी होती.

"चाळायला काढली," ही म्हणाली.

लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर? मग दुपारी मी पडलो होतो तेव्हा दाराआडून हिचं फोनवरचं बोलणं कानावर आलं. मुलीशी बोलत होती. मुलगी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते, शाळेत शिकवते. "हो, काढलीत सहा-सात," ही सांगत होती, "वेगवेगळ्या वर्षांची. नाही, त्यांना काही बोलले नाही."

वेगवेगळ्या वर्षांचे एकाच हाताचे नमुने. बत्तीस वर्षं ज्याने सह्या तपासल्या त्याला हे सांगायला नको. नमुने लागतात ते एकाच कामासाठी, हुबेहूब सही गिरवायला. पण कशावर करणार सही? घर तर आधीच हिच्या नावावर आहे. याचा उलगडा होत नाही.

ओळी तेवीस.

१४ फेब्रुवारी

टाकवाल्यांकडे गेलो. सहज आलोय असं दाखवलं. बाटली पुढे केली आणि म्हटलं, "कोरडी चालते."

त्यांनी निब भिंगाखाली धरली, बराच वेळ बघितली, बारीक पॉलिशच्या कागदावर चार वेळा फिरवली. फिरवताना ते माझ्याकडे बघत नव्हते. मग नेहमीप्रमाणे कागदाचा तुकडा पुढे केला. त्यांची पद्धत आहे ही, पेन परत देण्याआधी गिऱ्हाइकाने स्वतः एक ओळ लिहून बघायची. कुणी स्वतःचं नाव लिहितं, कुणी गोल गोल काढतं. मी पहिल्या दिवसापासून एकच ओळ लिहितो. बँकेत चेकच्या पाठीवर हजारो वेळा लिहिलेली:

सही पडताळली. जुळते.

आणि आज मला एक दिसलं. माझ्या आधीच्या गिऱ्हाइकाचा तुकडा त्यांनी चुरगळून टोपलीत टाकला. माझा मात्र मागच्या भिंतीवरच्या तारेला अडकवला. वर पत्र्याचा एक डबा होता, त्याच्या झाकणाखालून तसलेच तुकडे डोकावत होते.

"माझेच का ठेवता हो?"

"अक्षर चांगलं आहे, साहेब."

सत्तावीस वर्षांत त्यांनी माझ्या अक्षराचं कधी कौतुक केलेलं नाही. आणि आता तर ते कौतुक करण्यासारखं राहिलेलंही नाही. निघताना ते म्हणाले, "बाईसाहेबांना नमस्कार सांगा." हिची आणि यांची ओळख कधी झाली? शाई आणायला ही कधीमधी जाते, तेवढंच.

घरी येऊन लिहिलं. सव्वीस ओळी. म्हणजे आज माझ्या डोळ्यांदेखत घासून त्यांनी ती आणखी बारीक केली. अंगाचा तिळपापड झाला.

२३ फेब्रुवारी

हे लिहायचं की नाही, दोन दिवस ठरत नव्हतं.

परवा बँकेत गेलो होतो. माझीच शाखा, माझीच खिडकी, माझीच खुर्ची. आता तिथे एक मुलगी बसते. तिने चेक घेतला, पडद्यावर बघितलं, परत चेककडे बघितलं आणि म्हणाली, "आजोबा, सही जुळत नाहीये. जरा मोठी कराल?"

केली. तिने मान हलवली. पुन्हा केली. मागे सहा माणसं उभी होती. तिसऱ्यांदा केली तेव्हा ती हळूच म्हणाली, "मी साहेबांना विचारून येते," आणि आत गेली. मला तिचा राग आला नाही. ती आत गेल्यावर मी तो चेक उलटा करून नीट बघितला. मी तिच्या जागी असतो तर मीही परतच पाठवला असता.

शेवटी आतल्या साहेबांनी मला ओळखलं म्हणून काम झालं. ओळखीवर काम. माझं. घरी येईपर्यंत डोक्यात एकच होतं, की आता गप्प बसायचं नाही.

२७ फेब्रुवारी

आज मंडळात बोललो. टाकवाले कोपऱ्यात पेटी उघडून बसले होते. मी उभा राहून सांगितलं की बाटलीची निब बदलली गेली आहे, आणि ही वही पुढे ठेवली. अठरा, एकोणीस, एकवीस, तेवीस, सव्वीस. आकडे एकेक करून वाचून दाखवले.

डॉक्टरांनी वही घेतली. एकेक पान उलटत गेले, पहिल्या पानाशी परत आले, पुन्हा शेवटच्या पानावर. बाकीचे टाकवाल्यांकडे बघत होते, हे मात्र वहीतून मान वर काढेनात.

"ही वही मला दोन दिवस द्याल?"

"नाही," मी म्हटलं.

टाकवाल्यांनी पेटी आवरायला घेतली. चिमटा, पक्कड, भिंग, एकेक वस्तू फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवली. मग उभे राहून म्हणाले, "साहेबांच्या हाताला माझ्यामुळे त्रास झाला असेल तर माफ करा." आणि गेले. ज्याला वाटतं आपण अडकलो तो माणूस वाद घालतो, हा माझा अनुभव आहे. यांनी घातला नाही. म्हणजे चांगले मुरलेले दिसतात.

मंडळाने बहुमताने ठरवलं, त्यांच्याकडे टाकलेली पेनं ज्याने त्याने परत आणायची. डॉक्टर मात्र हात वर न करता बसून राहिले.

छडा लागला, तरी जेवण गेलं नाही.

५ मार्च

पितळ पूर्ण उघडं पडावं म्हणून आज दुसरी बाजू तपासायला घेतली. 'काळू' हे माझं काळं जाड पेन, ते टाकवाल्यांच्या हातात कधीच गेलेलं नाही. भरलं. लिहिलं.

एकोणतीस ओळी.

म्हणजे घरातही कुणीतरी आहे. ही आणि टाकवाले मिळून? 'बाईसाहेबांना नमस्कार' याचा अर्थ तो. मग एकेक करत नऊ पेनं काढली. नऊच्या नऊ बारीक. एवढ्या निबा बदलायला माणसाला महिना लागेल आणि हिला तर टोपण कुठल्या बाजूला फिरवायचं तेही माहीत नाही.

स्वयंपाकघरात सामानाच्या यादीपाशी हिची शिसपेन्सिल दोऱ्याने लटकवलेली असते, बोटभर उरलेली, दातांनी चावलेली. ती घेतली. त्या पेन्सिलीने माझी नेहमीची ओळ लिहिली. मुंगी चालून गेल्यासारखी.

पेन्सिलीची निब कोण बदलणार?

पुढे ओळी मोजल्या नाहीत.

९ मार्च

संध्याकाळी मुलगी आली. मागोमाग डॉक्टर. टेबलावर माझी जुनी पत्रं पसरलेली होती. कुणीच इकडचं तिकडचं बोललं नाही.

"दीड वर्ष झालं मला कळतंय," ही म्हणाली. "आधी तुमची वाणसामानाची यादी वाचता येईना. वाटलं, माझा चष्मा बदलायला झाला. बदलला."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर काय म्हणाला असतात? कागद लहान आहे म्हणाला असतात."

मुलीने माझा हात हातात घेतला. उजवा. टेबलाखाली मी तो डाव्या हाताने धरून बसलो होतो, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही हल्ली हसतच नाही. मला वाटायचं माझ्यावर रागावलाय." मी रागावलेलो नव्हतो. मी तर ती आली की मनातून खूश असतो. ते चेहऱ्यावर येत नव्हतं, एवढंच.

डॉक्टरांनी मला चालायला लावलं, बोटं आपटायला लावली, कोपर वाकवून बघितलं. मग आजाराचं नाव सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही; लांबलचक आहे आणि माझ्या अक्षरात कुणाला लागणारही नाही. मोठ्या दवाखान्यात तज्ज्ञांना दाखवायचं आहे, गोळ्या सुरू होतील. तो बरा होत नाही, पण आवरता येतो, असं ते म्हणाले. त्यात अक्षर लहान होत जातं. वास जातो. आवाज बसतो. पाऊल आखूड पडतं.

मी ऐकत गेलो आणि मनातल्या मनात एकेकाला सोडत गेलो. आधी शाईवाला. मग शिंपी. हिचे कान, हिचे पाय. डॉक्टर बाटलीवर नव्हे, माझ्या हातावर नजर ठेवून होते. एवढे सगळे माझ्या कोठडीत होते.

एकच राहिला, आणि त्याला तर मी चारचौघांत उभं केलं होतं.

१३ मार्च

पत्र लिहायला तीन दिवस लागले. तोंडाने माफी मागायची माझी छाती नव्हती, खरं सांगतो. एका पानाचं पत्र, घडी घालून खिशात, आणि बोळात गेलो.

टाकवाले नुसते बसले होते. पुढच्या फळीवर एकही पेन नव्हतं. मला बघून उठले, स्टूल पुसून दिलं. मी पत्र पुढे केलं. त्यांनी उघडलं, डोळ्यांजवळ नेलं, मग भिंग लावलं. निबेला लावतात तेच. एकेक ओळ भिंगाखालून सरकवत त्यांनी माझं पत्र वाचलं. मी भिंतीकडे बघत होतो.

"लागलं का?" मी विचारलं.

"लागलं, साहेब. सगळं लागलं."

मग त्यांनी पत्र्याचा डबा काढला आणि माझे तुकडे फळीवर ओळीने मांडले. मागे तारखा टाकलेल्या. चार वर्षांचे बावीस. प्रत्येकावर तेच, सही पडताळली, जुळते. डावीकडून बघत आलो. पहिल्या तुकड्यावर ती ओळ कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत होती. शेवटच्यावर ती एका कोपऱ्यात मावली होती. इतका सरळ पुरावा माझ्या सगळ्या नोकरीत माझ्यासमोर आला नव्हता.

"निब बदलली नाही मी," टाकवाले म्हणाले. "पण हात लावला, हे खरं आहे. चार वर्षांपूर्वी ती भलत्याच कडेला झिजलेली दिसली. माणूस पेन धरायची पद्धत या वयात बदलत नाही. दाबही कमी झाला होता. म्हणून दर वेळी थोडी मोकळी करत गेलो, शाई आपसूक यावी म्हणून. तुम्हाला न विचारता केलं, तेवढा गुन्हा आहे माझा. बाईसाहेबांना डिसेंबरात हे तुकडे दाखवले. त्यांनी घरी जाऊन पत्रांशी ताडून बघितलं."

"मला का नाही सांगितलंत?"

त्यांनी भिंग काढलं. त्या डोळ्याभोवती त्याचा गोल वळ उठलेला होता. "निब वाईट झाली असं गिऱ्हाइकाला सांगता येतं, साहेब. हात वाईट झाला असं कसं सांगायचं?"

मला रडू आलं. टाकवाल्यांनी निबा पुसायचं फडकं पुढे केलं, मग त्याला शाई आहे हे बघून मागे घेतलं.

२० मार्च

मंडळात उभा राहिलो. आरोप जिथे केला तिथेच तो मागे घ्यायला हवा होता. बोललो. मागच्या खुर्चीवरून आवाज आला, "ऐकू येत नाही." पुन्हा बोललो. "अजून मोठ्याने." माझी चूक मला तीनदा सांगावी लागली, आणि तिसऱ्यांदा मी ओरडलोच.

पाच जणांनी आपली पेनं टाकवाल्यांकडे परत नेतो म्हणून सांगितलं. दोघांनी आपली पेनं खिशात घातली. एकदा संशय शिरला की तो निघायला वेळ लागतो आणि या दोघांच्या डोक्यात तो मी घातलाय. टाकवाल्यांची कोपऱ्यातली जागा रिकामी होती. डॉक्टर म्हणाले, येतील. मला तसं वाटलं नाही.

४ एप्रिल

आले. मंडळात नाही, घरी. पेटी घेऊन.

बाटलीसाठी त्यांनी नवी निब बनवून आणली होती. पाट्या रंगवणाऱ्यांच्या निबेसारखी रुंद. बारीक लिहायचं म्हटलं तरी तिच्याने लिहिता येणार नाही. जुनी सोन्याची निब कागदात गुंडाळून माझ्या हातावर ठेवली. "मोजून घ्या," म्हणाले, आणि पहिल्यांदाच मला त्यांच्या आवाजात टोमणा ऐकू आला. बरं वाटलं.

डॉक्टरांनी सांगितलंय, रेघा आखून मोठं लिहायचं, रोज, व्यायाम म्हणून. हिने माझ्या वहीत दोन-दोन बोटांच्या अंतरावर रेघा मारून दिल्यात, त्याही थोड्या तिरक्या. मी काही बोललो नाही.

टाकवाल्यांनी खिशातून कागदाचा तुकडा काढून पुढे केला. पद्धत म्हणजे पद्धत. मी पेन धरलं. हात थरथरत होता, आता तो टेबलाखाली लपवायचं कारण उरलेलं नाही. एकेक अक्षर मोठं, पहिलीतल्या पोरासारखं. बत्तीस वर्षांत मला असा शेरा कधी लिहावा लागला नव्हता, आणि लिहिला असता तर साहेबांनी तो कापला असता:

सही जुळत नाही. माणूस तोच.

टाकवाल्यांनी भिंग न लावता वाचलं. फुंकर मारली, मागे तारीख टाकली आणि तुकडा खिशात ठेवला. उद्या तारेला लावतो म्हणाले. मग हिने चहा आणला, माझा कप अर्धाच भरलेला, सांडू नये म्हणून.

आज पानात नऊ ओळी बसल्या. नववी जरा बारीक झाली.